शेततळ्यात पाणी किती? मोबाइलवरून गणित शिकवण्याची एक रीत

ऑनलाइन गणित शिकवायचं म्हटलं की शिक्षक आधी सामानाचं विचारतात. टॅब कोणता घेऊ, लिहायचं पेन कोणतं, माइक लागेल का? हे सगळं बाजूला ठेवा. हातात आहे तो फोन पुरतो. विचार करायचा तो पुढच्या गोष्टीचा: तुमचा व्हिडिओ बघून लेकराचं पेन हललं का, आणि हललं तर ते तुम्हाला कळलं का? वर्गात बाकांमधून एक फेरी मारली की कोणाची वही कोरी आहे ते दिसतं. मोबाइलवर नेमकं तेच दिसत नाही. म्हणून या लेखात व्हिडिओ कसा करायचा हे सांगितलं असलं, तरी जास्त जोर मुलांकडून परत येणाऱ्या कागदावर आहे.

आठवी ते दहावीला शिकवणारे शिक्षक डोळ्यांसमोर ठेवले आहेत. जिल्हा परिषदेचे असोत, संस्थेचे असोत, की घरी चार मुलं बसवून शिकवणारे. सुरुवातीपासून एकच गणित घेऊ, म्हणजे प्रत्येक पायरीला हवेत बोलणं होणार नाही.

गणित असं निवडा की त्यावर भांडता येईल

पहिल्याच व्हिडिओला अख्खा धडा घेऊ नका. एक गणित घ्या, आणि तेही असं की ज्याची दोन-तीन चुकीची उत्तरं पटण्यासारखी वाटतील. आपल्याकडे त्यासाठी शेततळ्याइतकं चांगलं गणित सापडणं अवघड. जालन्यापासून धाराशिवपर्यंत बहुतेक मुलांनी ते पाहिलेलं असतं, काहींच्या तर स्वतःच्या रानात असतं.

‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं नेहमीचं माप घेऊ: वरून ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, खोली ३ मीटर. बाजू सरळ नसतात, उतरत्या असतात. उतार एकास एक धरला, म्हणजे जेवढं खाली तेवढंच आत, तर तळाचा चौरस २४ बाय २४ चा होतो. काठोकाठ भरलं तर पाणी किती?

घाईतलं उत्तर ३० × ३० × ३ = २७०० घनमीटर. हे देणारा मुलगा उतार विसरला. दुसरा वरचं आणि तळाचं क्षेत्रफळ काढून सरासरी घेतो: ९०० आणि ५७६ ची सरासरी ७३८, गुणिले ३ म्हणजे २२१४. तिसरा म्हणतो, मधली बाजूच घेऊ, २७ × २७ × ३ = २१८७. दोघांचंही म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं आणि दोन्ही उत्तरं चूक आहेत.

आता तळं तोडून बघा. मधला ठोकळा २४ × २४ × ३, म्हणजे १७२८. चारही बाजूंना उतरत्या पाचरी. प्रत्येकीचा छेद ३ आणि ३ बाजूंचा काटकोन त्रिकोण, क्षेत्रफळ ४.५, लांबी २४, घनफळ १०८. चारींचं मिळून ४३२. उरले चार कोपरे. प्रत्येक कोपरा ३ × ३ पायाचा आणि ३ उंचीचा सूचीसारखा तुकडा, म्हणजे २७ चा एक तृतीयांश, ९. चारांचे ३६. बेरीज २१९६ घनमीटर. एका घनमीटरचे हजार लिटर, तेव्हा २१ लाख ९६ हजार लिटर.

या गणितातली खरी मजा कोपऱ्यात आहे. सरासरी घेणाऱ्याने नकळत कोपरा घनाच्या निम्मा धरला (१३.५ चे चार म्हणजे ५४, बेरीज २२१४). मधली बाजू घेणाऱ्याने पाव धरला (६.७५ चे चार म्हणजे २७, बेरीज २१८७). खरा कोपरा ना निम्मा ना पाव, तिसरा हिस्सा. अख्खं भांडण चार कोपऱ्यांवरून. असं काही हाती लागलं की व्हिडिओ करायला घ्यावा. नाहीतर पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण पुन्हा वाचून दाखवण्यात काय हशील?

दहावीच्या मुलांना इथून थेट महत्त्वमापनातल्या शंकूछेदाकडे नेता येतं. बादलीचं सूत्र आणि तळ्याचं सूत्र एकच आहे: उंचीचा तिसरा हिस्सा गुणिले (वरचं क्षेत्रफळ + खालचं क्षेत्रफळ + त्या दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ). इथे १ × (९०० + ५७६ + ७२०) = २१९६. हुशार मुलांसाठी आणखी एक वाट ठेवा: हाच उतार धरून खोदतच गेलो तर चारही बाजू १५ मीटरवर एका बिंदूत मिळतील. त्या पूर्ण सूचीचं घनफळ ४५००, तळाखालच्या न खोदलेल्या सूचीचं २३०४. वजाबाकी करा.

व्हिडिओच्या आधी वही

रेकॉर्डिंगला बसण्याआधी सगळं गणित पानांवर उतरवा. एका पानावर सहा-सात ओळींपेक्षा जास्त नको, कारण बघणाऱ्याच्या हातातला पडदा तळहाताएवढा आहे. शेततळ्याला चार पानं लागतात: आकृती आणि प्रश्न, दोन चुकीच्या वाटा, तळं तोडलेलं, शेवटी नवा प्रश्न.

पहिलं पान संपतं तिथे मोठ्या अक्षरात लिहा: ‘इथे थांबा. तुमचं उत्तर वहीत लिहा.’ नुसतं तोंडी सांगितलं तर कोणी थांबत नाही. म्हणून मी तर म्हणेन, व्हिडिओचे दोन तुकडेच करा. पहिला प्रश्नाचा, दोन मिनिटांचा, आज. दुसरा उत्तराचा, उद्या. मधली रात्र मुलाची.

सेमी-इंग्रजीची मुलं वर्गात असतील तर संज्ञा पहिल्यांदा येताना दोन्ही बोला, घनफळ म्हणजे व्हॉल्यूम, आणि पानावरही शेजारी लिहा. त्यानंतर एकच धरून चाला.

फोन बसवणं

तुमचा चेहरा दिसायची गरज नाही. कागद आणि लिहिता हात दिसला की झालं. फोन वरून खाली बघेल असा बसवायचा. स्टँड नसेल तर दोन बाजूंना पुस्तकांच्या सारख्या उंचीच्या थप्प्या, त्यावर आडवी लाकडी पट्टी, पट्टीच्या टोकावर फोन रबराने बांधलेला आणि कॅमेरा पट्टीबाहेर. साधारण वीतभर ते हातभर उंची पुरते. कागद जिथे ठेवायचा तिथे टेबलावर चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीच्या खुणा करा, म्हणजे पान बदललं तरी जागा चुकत नाही.

कागद कोरा, रेघांचा नको. पेन जाड टोकाचं काळं. बॉलपेनची निळी रेघ छोट्या पडद्यावर फिकट पडते. दुसरा रंग फक्त एकाच कामासाठी ठेवा. आपल्या गणितात लाल फक्त कोपऱ्यांना.

उजेड उजव्या हाताने लिहिणाऱ्यांना डावीकडून हवा, नाहीतर हाताची सावली नेमकी लिहिलेल्यावर पडते. सकाळची खिडकी सगळ्यात चांगली. कॅमेरा सुरू केल्यावर कागदावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथेच बांधला जातो. हे न केलं तर हात मधे आला की चित्र दरवेळी धूसर होतं. रेकॉर्डिंगआधी एअरप्लेन मोड लावा. ऐन कोपऱ्यात आलात आणि सोयरे-धायरे फोन लावून बसले, असं नको.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. चित्र थोडं खराब असलं तरी मुलं सांभाळून घेतात, आवाज घुमला की बंद करतात. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतोच; गोधड्या, कपडे, पोती असलेली खोली निवडा. पंखा बंद. वायरचा इअरफोन असेल तर त्याचा माइक शर्टाच्या बटणाशी अडकवा. व्हिडिओ ७२० वर ठेवा, त्याहून जास्तीची गरज हाताने लिहिलेल्या पानाला नाही, आणि फाइल उगाच फुगते.

बोलताना

लिहिताना जे लिहिता ते बोला, आणि का लिहिता तेही बोला. ‘चार गुणिले एकशे आठ’ एवढ्याने भागत नाही. ‘बाजू चार आहेत आणि चारही सारख्या, म्हणून एकच काढून चारने गुणतो’ असं पाहिजे. ‘इथे’, ‘याला’, ‘हे’ असे शब्द टाळा. फक्त आवाज ऐकणाऱ्या मुलाला ‘हे’ म्हणजे काय ते दिसत नाही. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून शेजारी लिहा, पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्ड करत बसू नका. आणि सुरुवातीची ‘नमस्कार विद्यार्थी मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत’ ही मिनिटभराची आरती गाळा. पहिलं वाक्य तळ्याचं असू द्या.

पाठवताना घर बघा

इथे मराठवाड्याचं म्हणून एक वेगळं आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणी, धाराशिवकडून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलकडे परततात. काही मुलं आईवडिलांबरोबर फडावर, कोपीत म्हणजे तिथल्या झोपडीत. काही गावी आजीजवळ. दोन्हीकडे घरातला चांगला फोन दिवसभर कोणातरी मोठ्याच्या खिशात असतो आणि अंधार पडल्यावर मुलाच्या हातात येतो, तोही अर्धा चार्ज संपलेला. सकाळी दहाचा लाइव्ह तास या मुलांसाठी नसल्यासारखाच. म्हणून मूळ धडा कधीही बघता येईल असाच हवा, आणि संध्याकाळी सातच्या सुमारास पाठवावा.

फोनच्या मूळ सेटिंगवर केलेला पाच मिनिटांचा व्हिडिओ काही शे एमबीचा होऊ शकतो. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून टाकला की तो दाबला जाऊन लहान होतो. एकदा स्वतःच्या दुसऱ्या फोनवर पाठवून अक्षरं वाचता येतात का ते बघा. पानांचे फोटो मात्र डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक घातांक पुसट होतात. त्याहून बरं म्हणजे गूगल ड्राइव्हच्या ॲपमधल्या स्कॅनने चारही पानांची एक पीडीएफ.

ज्यांचा डेटा तोकडा आहे त्यांच्यासाठी प्रत्येक वेळी दुसरी जोडी तयार ठेवा: पानांची पीडीएफ आणि सोबत व्हॉइस नोट, पानागणिक एक. पाच मिनिटांची व्हॉइस नोट एखाद्या एमबीच्या आसपास बसते. ‘पान दोन उघडा’ असं म्हणून सुरुवात करायची. माझ्या मते बऱ्याच गणितांना हीच जोडी व्हिडिओपेक्षा सरस ठरते, कारण पान मुलापुढे स्थिर राहतं आणि ते हवं तितका वेळ बघता येतं.

यूट्यूबवर टाकत असाल तर ‘अनलिस्टेड’ ठेवता येतं. दुवा असलेल्यालाच दिसतं. वर्णनात वेळा लिहिल्या (पहिली ०:०० असली पाहिजे, किमान तीन हव्यात आणि प्रत्येक तुकडा निदान दहा सेकंदांचा) की व्हिडिओचे भाग पडतात, आणि मुलाला थेट ‘कोपरा’ या भागावर उडी मारता येते. ‘मुलांसाठी बनवलेला’ हा पर्याय निवडला की खालचे अभिप्राय बंद होतात, हे लक्षात असू द्या.

परत येणारी पानं

आता मुख्य काम. प्रश्नाच्या व्हिडिओखाली नेमकं काय पाठवायचं ते लिहा: ‘फक्त उत्तर नको. तळ्याची आकृती आणि पहिल्या तीन ओळी, एक फोटो, रात्री नऊपर्यंत.’ पूर्ण सोडवलेलं मागितलं तर निम्मी मुलं कोणाचं तरी उतरवून पाठवतील. तीन ओळी मागितल्या तर उतरवण्यापेक्षा स्वतः लिहिणं सोपं.

पाठवायचं कुठे? सगळ्यांच्या ग्रुपवर मुळीच नाही. एकदा एका हुशार मुलाचं पान ग्रुपवर पडलं की बाकीच्यांची पेनं थांबली. ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहू शकतील असं सेटिंग करा आणि उत्तरं तुमच्या वैयक्तिक चॅटवर मागवा. मुलांच्या पानांचे फोटो सगळ्यांना दिसणं टळतं हाही फायदा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरली आहे. वहीचं पान दुसऱ्यांना दाखवायचं तर नाव झाका आणि पालकांना विचारा.

चाळीस पानं आली तर चाळीस वेगळी उत्तरं लिहू नका, दमून दोन आठवड्यांत सोडून द्याल. पानं चाळा आणि गठ्ठे करा. शेततळ्यात गठ्ठे आपोआप पडतात: २७०० वाले, २२१४ वाले, २१८७ वाले, आणि २१६० वाले (यांनी पाचरी धरल्या, कोपरे सोडून दिले). प्रत्येक गठ्ठ्याला अर्ध्या मिनिटाची एकच व्हॉइस नोट, आणि तिच्यात उत्तर नाही, प्रश्न: २१६० वाल्यांना ‘तळ्याच्या कोपऱ्यात उभं राहिलास तर पायाखाली पाणी आहे का नाही?’ २७०० वाल्यांना ‘तुझ्या तळ्याचा तळ किती मीटरचा?’ बरोबर आलेल्यांना ‘सरासरी घेऊन २२१४ येतं. ते जास्त का आलं?’ एवढ्यावर पाठवून द्या. दुसऱ्या दिवशीच्या उत्तराच्या व्हिडिओत हेच गठ्ठे बोलायचे, नावं न घेता.

विद्यार्थी शंभराच्या वर असतील तर गूगल फॉर्म. पर्याय मनाने टाकू नका, मुलांच्या चुकांतून घ्या: २७००, २२१४, २१९६, २१६०. मग आलेला तक्ता नुसते गुण दाखवत नाही, कोण कुठल्या वळणावर चुकलं ते दाखवतो. पण फॉर्मने पानं बघणं पूर्ण बंद करू नका. काही चुका अशा असतात की त्या कोणत्याच पर्यायात बसत नाहीत.

मुलं उलट प्रश्न विचारतील. ‘सर, काठोकाठ कोण भरतंय? वर थोडं मोकळं ठेवावं लागतं की.’ फार चांगलं. पाणी अर्ध्या मीटरने कमी धरून पुन्हा काढायला सांगा. वरची बाजू २९ होईल, खोली अडीच. याच ओघात २०१६ चा उन्हाळा आठवून द्या. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे येत होती, आणि पन्नास वाघिणींच्या (टाकीच्या डब्यांच्या) गाडीत सुमारे २५ लाख लिटर पाणी असायचं. मग एक भरलेलं शेततळं म्हणजे तशा किती वाघिणी? भागाकार साधा आहे, पण उत्तर आलं की घरात मोठ्यांशी बोलणं सुरू होतं.

लाइव्ह तास असलाच तर

आठवड्यातून एक, रविवारी, फक्त शंकांचा. गूगल मीटवर फुकट खात्यात तीन किंवा जास्त जणांच्या बैठकीला ६० मिनिटांची मर्यादा आहे, झूमवर ४०. चाळीस मिनिटं पुरेशी आहेत. नवं काही शिकवू नका. आदल्या दिवशी शंका मागवून तीनच निवडा, आणि दर शंकेला आधी दोन मिनिटं सगळ्यांनी वहीत लिहायचं. ही दोन मिनिटांची शांतता शिक्षकालाच जड जाते, सहन करा.

टाइप केलेलं गणित

प्रश्नपत्रिका जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली असेल तर दुसऱ्याच्या फोनवर मराठीच्या जागी अगम्य अक्षरं दिसतात. युनिकोडमध्येच टाइप करा आणि पाठवताना पीडीएफ करून पाठवा. वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबलं की समीकरणाची चौकट उघडते; अपूर्णांक, वर्गमूळ सगळं तिथे नीट बसतं. ज्यांना पुस्तकासारखी छपाई हवी त्यांनी लाटेक शिकावं. डोनाल्ड नूथ यांच्या टेक या छपाईच्या प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ते उभं केलं आणि ते फुकट आहे. ओव्हरलीफ या संकेतस्थळावर ते ब्राउझरमध्येच चालतं. देवनागरीसाठी कंपायलर झीलाटेक निवडून नोटोसारखा युनिकोड फॉन्ट जोडावा लागतो. शिकायला वेळ लागतो, म्हणून हे सुट्टीत.

चॅटमध्ये लिहिताना दोन पथ्यं पाळा. कंस हात राखून वापरू नका: ९०० + ५७६ / २ आणि (९०० + ५७६) / २ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि गुणाकाराला तारा नको, कारण व्हॉट्सॲपमध्ये ताऱ्यांमधला मजकूर कधी ठळक होतो आणि तारेच गायब होतात. गूगलच्या कीबोर्डवर × आणि √ चिन्हांच्या पानावर आहेत, आणि २ चा आकडा दाबून धरला की वर्गाचा छोटा २ मिळतो.

हलती आकृती हवी तिथे जिओजेब्रा. मार्कुस होहेनवार्टर यांनी ते २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलं. फोनवर ॲप आहे. शेततळ्याला मला त्याची गरज वाटत नाही, ओल्या मातीत खड्डा करून दाखवणं बरं. वर्तुळाच्या धड्याला मात्र ते हवंच: बिंदू कंसावरून सरकवला तरी अंतर्लिखित कोन बदलत नाही, हे फळ्यावर दाखवता येत नाही.

साठवण आणि वाटणं

फाइलचं नाव ‘नवीन व्हिडिओ ३ फायनल’ असं नको. ‘१०वी-भाग२-महत्त्वमापन-शेततळे-प्रश्न’ असं ठेवा. पुढच्या वर्षी शोधताना स्वतःलाच शाबासकी द्याल. पाठ्यपुस्तकाची पानं स्कॅन करून वाटू नका. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये आहेत, तो दुवा द्या. खाजगी गाइडची पानं तर नकोच. स्वतःची पानं इतर शिक्षकांनी वापरावीत असं वाटत असेल तर तळाशी ‘नाव ठेवून मोफत वापरा’ एवढं लिहा, आणि पीडीएफबरोबर मुलांनी केलेल्या चुकांची यादीही जोडा. दुसऱ्या शिक्षकाला उत्तरापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

नेट नसेल त्या आठवड्यासाठी

एक गणित साध्या मेसेजवर किंवा फोनवर तोंडी जाईल असं हाताशी ठेवा. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ मध्ये दाखवलेला ६१७४ त्यासाठी नामी आहे. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करून वजाबाकी करा. आलेल्या उत्तराशी पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि तिथेच थांबतो.

प्रत्येकाला स्वतःच्या जन्मसालाने सुरुवात करायला सांगा आणि नुसता शेवट मागू नका, मधल्या सगळ्या संख्या मागा. उदाहरणार्थ २०१६ घेतलं तर पहिली वजाबाकी ६२१० − ०१२६, आणि ओळ अशी येईल: ६०८४, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. ज्यांची सालं वेगळी त्यांच्या ओळी बहुधा वेगळ्या (२०१० आणि २०१२ ची मात्र सारखीच येते), म्हणून एकमेकांचं उतरवून बहुतेकदा भागत नाही, आणि तुम्हाला तपासायला एक नजर पुरते. एक सूचना आधीच द्या, नाहीतर तिथेच अडकतील: वजाबाकी ९९९ आली तर ती ०९९९ धरायची.